जुन्या गेमबॉयमधल्या 'बाबू'ला ब्रीड करायचा की तसाच ठेवायचा?

माटोळीखालची

नमस्कार मंडळी. प्रश्न गेमचाच आहे, पण आधी घरची थोडी कथा ऐकावी लागेल. नाहीतर तुम्ही "नवीन घ्या" म्हणून मोकळे व्हाल.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली म्हणून परवा गोव्यात साखळीला आईकडे गेले होते. माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) चौकट काढायला माळ्यावर चढले, तर तिच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत जांभळा गेमबॉय कलर, म्हणजे हातात धरून खेळायचं जुनं गेमयंत्र, आणि त्यात खोचायची एकुलती एक कार्ट्रिज, ड्रॅगन वॉरियर मॉन्स्टर्स. मामा बोटीवर होता, त्याने २००१ साली सिंगापूरहून आणलेला. गेमबॉय एक आणि भावंडं दोन, म्हणून आईने वाटणी करून दिली होती: दिवेलागणीपर्यंत भाऊ, जेवणं आटोपली की मी. पण ह्या गेममध्ये सेव्ह एकच असतो. त्याने दिवसभर काय दिवे लावले ते मला रात्री कळायचं, आणि माझे त्याला सकाळी.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: टेरी नावाचा एक पोरगा. त्याच्या बहिणीला, मिलायूला, रात्री खोलीतून पळवून नेतात. तिला शोधताना हा एका अवाढव्य झाडात वसलेल्या राज्यात जाऊन पडतो. तिथे आपण स्वतः लढायचं नाही, मॉन्स्टर पाळायचे, आणि तीन-तीन घेऊन जादूच्या दारांतून आत उतरायचं. राजा अगदी सुरुवातीला एक स्लाइम देतो, निळा थेंब, नाव स्लिब. माझ्या भावाचा त्याच्यावर असा जीव की त्याच्यापेक्षा चांगले दहा मिळाले तरी हा स्लिबला टीममधून काढायला तयार नाही.

२००२चा पावसाळा. भाऊ ट्यूशनला गेला होता, माझी पाळी नसताना मी गेमबॉय उचलला आणि स्लिब आणि माझा एक ड्रॅगन घेऊन ब्रीडिंगच्या देवळात गेले, तिथे दोन मॉन्स्टरांची जोडी लावून अंडं मिळतं. मला वाटलं, पिल्लू होईल आणि आईबाप फार्मात, पाळलेले मॉन्स्टर ठेवतात तिथे, राहतील. गोठ्यात तसंच असतं ना! इथे आईबाप अंडं देऊन निघून जातात, कायमचे. आणि मी सवयीने लगेच सेव्ह केलं.

अंड्यातून ड्रॅकस्लाइम निघाला. नावाला चारच इंग्रजी अक्षरं मावतात, म्हणून मी 'बाबू' ठेवलं. भावाला घरी बाबूच म्हणतात, मला वाटलं तेवढ्याने राग जाईल. तो आला, फार्म उघडला, खालपासून वरपर्यंत दोनदा शोधलं. रडला नाही. गेमबॉय माझ्या मांडीवर ठेवला आणि पाऊस पडत असताना तुळशीकडे जाऊन उभा राहिला. त्या चवथीला आरतीत सुद्धा माझ्या बाजूला उभा राहिला नाही. पुढे त्यानेच बाबूला वाढवलं, पण ह्या विषयावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

तर आता. गेमबॉयमधले जुने सेल फुटून पांढरी-हिरवी बुरशी आली होती. ती पुसली, नवीन सेल घातले आणि चक्क सुरू झाला. कंटिन्यू दाबलं. बाबू आहे! लेव्हल ३१. आई खालून ओरडत होती, "कितें गो तें भंगार?", आणि मी माळ्यावरच फतकल मारून बसलेले.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिने दोन दिवसांत ते देऊळ शोधून काढलं. आता रोज एकच धोशा, बाबूचं लग्न लावूया. भाऊ सध्या बोटीवर आहे, चवथीच्या तीन दिवस आधी उतरतो.

कार्ट्रिजमधली बॅटरी अजून किती टिकेल, आणि सेव्ह न जाता ती बदलता येते का? आणि ब्रीड करूनही बाबू हातचा जाणार नाही अशी काही युक्ती आहे का?

घाईत

फोनवर इम्युलेटर टाका, जुने गेम फोनवर चालवणारं ॲप. पाच मिनिटांचं काम. एवढं कशाला?

माटोळीखालची

फोनवर बाबू नाही हो.

वास्कोचा_सोल्डर

ताई, वास्कोत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, हल्ली जुने गेमही येतात. माझं ऐका आणि कुठल्याही दुकानात "बॅटरी बदलून द्या" म्हणून ती कार्ट्रिज टाकून येऊ नका. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे अशीच बदललेली कार्ट्रिज घेऊन आला होता. बॅटरी नवी कोरी, सेव्ह गायब. ज्याने बदलली त्याने काम चोख केलं होतं, पण आत काय आहे ते कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

तुमचा बाबू आज एका नाण्याएवढ्या सेलवर जगतोय. सेव्ह ज्या चिपमध्ये असतं तिला अखंड वीज लागते. गेमबॉय चालू असताना ती गेमबॉयकडून मिळते, बंद असताना त्या ३ व्होल्टच्या सेलमधून. सेल काढला की चिप सगळं विसरली. वीसहून जास्त वर्षं टिकला ह्याचं कारण तुमच्या गेममध्ये घड्याळ नाही. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून ते सेल आधी बसतात. माझ्या स्वतःच्या गोल्डचा कधीच गेला. पण तुमचा अजून किती टिकेल म्हणाल तर उद्याची खात्री नाही, असं धरून चाला.

म्हणून आधी बॅकअप. कार्ट्रिज रीडर म्हणून एक छोटी पाटी येते, जीबीएक्सकार्ट नावाची माझ्याकडे आहे. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची, कार्ट्रिज खोचायची, सेव्ह फाईल म्हणून उतरवून घ्यायचं. ती फाईल दोन-तीन ठिकाणी ठेवा. मग निवांत सेल बदला आणि तीच फाईल परत कार्ट्रिजमध्ये चढवा. बाबूला पत्ताही लागणार नाही.

सेल बदलताना: कार्ट्रिजचा स्क्रू साध्या पेचकसाने उघडत नाही, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे ह्या स्क्रूसाठीचा खास पेचकस, लागतो. पोरं बॉलपेनची नळी तापवून स्क्रूवर दाबतात, गार झाली की तोच पेचकस. चालतं, पण एकदाच. सेल कुठला ते आत बघा, सीआर२०२५ किंवा सीआर१६१६ असं त्याच्यावरच छापलेलं असतं, जो असेल तोच घ्या. पट्ट्या आधीच जोडलेला मिळतो, तो घ्या आणि सोल्डर पट्टीला करा. सेलवर थेट सोल्डरची तापलेली इस्त्री ठेवली तर तो फुगतो, कधी फुटतो. आणि कृपा करून चिकटपट्टीने सेल चिकटवू नका. आपल्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात पट्टी सुटते, मग रडत माझ्याकडे येतात.

ती बुरशी कशाने पुसलीत?

माटोळीखालची

शेजारच्या बाईंकडून माडाचं विनेगर आणलं वाटीभर. कानात घालायच्या काडीने लावलं, फसफसलं.

वास्कोचा_सोल्डर

हाहा. चालतं, अल्कलाइन सेलच्या गळतीवर आंबटच लागतं. पण विनेगर तसंच ठेवलंत तर पत्रा खाईल. वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि दिवसभर उघडं वाळू द्या. कार्ट्रिजच्या सोनेरी दातांनाही तेच, विनेगर नाही. आणि मुलीला सांगा, आत फुंकर मारायची नाही.

डिचोलीचा_मेटली

रीडर न घेता पण होतं. कार्ट्रिज उघडी ठेवून गेमबॉयला लावायची, गेमबॉय चालू ठेवायचा आणि तशातच सेल बदलायचा. वीज गेमबॉयकडून येत राहते, सेव्ह जात नाही. मी केलंय.

वास्कोचा_सोल्डर

तू केलंयस रे, तुझा हात हलला नाही म्हणून. चालू सर्किटवर इस्त्री, जरा इकडचं तिकडे टेकलं की सेव्ह नाही आणि गेमबॉयही नाही. ताईंना असले सल्ले देऊ नकोस.

डिचोलीचा_मेटली

बरं बाबा, मागे घेतो. सोल्डरिंगचं तुम्ही बघा, ब्रीडिंगचं मी सांगतो.

ताई, ब्रीड करून बाबूला ठेवायची युक्ती गेममध्ये नाही. पोकेमॉनमध्ये डे-केअरमधून, म्हणजे जोडी ठेवायच्या पाळणाघरातून, आईबाप परत मिळतात, इथे १९९८ पासून हा कायदाच आहे, गेले की गेले. ह्याच मालिकेतल्या, २०२३ मध्ये आलेल्या डार्क प्रिन्समध्येही तेच. बॅकअप घेतलात तर मात्र फाईलमधला बाबू राहील, तेवढं मनाचं समाधान.

पण मुलीला ब्रीडिंगच करायचं असेल तर बाबूच कशाला पाहिजे? त्याला फार्मात झोपवून ठेवा. तिला सांगा, दारातून आत जाताना मांस घेऊन जायचं. समोर आलेल्या मॉन्स्टरला लढाईतच मांस टाकायचं, दोन-तीन तुकडे, आणि मग लढाई संपवायची. खूश झाला असेल तर शेवटी उठून मागे येतो. मारायच्या आधी मांस, नंतर नाही, इथे सगळे चुकतात. एक नर एक मादी, दोघे लेव्हल १० झाले की देवळात न्यायचे. लेव्हल पटापट वाढवायला मेटली नावाचा मॉन्स्टर शोधा, तो पळतो, पण एक जरी मेला तरी अनुभवाचा पाऊस. माझं नाव त्यावरूनच आहे.

आता खरी मजा. पहिला कोणाला निवडता त्यावर पिल्लाचं घराणं ठरतं. स्लाइम पहिला आणि ड्रॅगन दुसरा, तर ड्रॅकस्लाइम. उलट केलं, ड्रॅगन पहिला, तर ड्रॅगनकिड. दोनशे पंधरा मॉन्स्टर आहेत आणि निम्मी गंमत ह्या उलटसुलटमध्ये आहे. आईबापांची कसबंही पिल्लात उतरतात, लेव्हल चढेल तशी शिकतं, पण जास्तीत जास्त आठ.

एक विचारू? बाबूच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि एक आकडा असेल. किती आहे?

माटोळीखालची

अधिक १२. का?

डिचोलीचा_मेटली

स्लिब आणि तुमचा ड्रॅगन तेव्हा कुठल्या लेव्हलला होते?

माटोळीखालची

स्लिब वीसच्या आसपास. ड्रॅगन जेमतेम दहाचा, म्हणून तर घाईने नेला.

डिचोलीचा_मेटली

मग तो तुम्ही जन्माला घातलेला बाबू नाही, ताई.

तो अधिकचा आकडा पिढ्यांतून वाढतो. आईबापांचा आकडा पुढे येतो आणि त्यांच्या लेव्हलप्रमाणे त्यात थोडी भर पडते. वीस आणि दहाच्या जोडीतून एका खेपेत १२ होऊच शकत नाही. कोणीतरी नंतर बाबूला पुन्हा पुन्हा देवळात नेलंय. दर वेळी बाबू पहिला आणि कुठलातरी ड्रॅगन दुसरा, काही खास जोड्या सोडल्या तर पुन्हा ड्रॅकस्लाइमच निघतो, आणि दर वेळी पिल्लाचं नाव बाबूच ठेवलंय. लेव्हल १ पासून परत वाढवायचं म्हणजे चिकाटी पाहिजे बरं.

घाईत

हे वाचायला परत आलो. भाऊच असणार.

माटोळीखालची

काल दिवसभर इथे लिहिलं नाही, माफ करा. रात्री भावाला मेसेज टाकला. बोटीवर नेटवर्क येतं-जातं, उत्तर पहाटे आलं, व्हॉइस मेसेज, मागे इंजिनाची घरघर.

मी फक्त एवढंच विचारलं होतं, "बाबूच्या पुढे अधिक १२ कसं काय रे?" तो आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, तो सहावा बाबू. मी २००४ला कॉलेजसाठी फोंड्याला मावशीकडे राहायला गेले, तेव्हापासून गेमबॉय दिवसरात्र त्याचाच होता आणि वाटणी करायला कोणी नव्हतं. पहिल्यांदा नेला तेव्हा म्हणे देवळाच्या दारातून तीनदा परत आला. नंतर नंतर काही वाटेनासं झालं.

मी म्हटलं, मग माझ्याशी ती अख्खी चवथ का बोलला नाहीस? त्यावर काही नाही. पुढचा मेसेज थेट कामाचा. रीडर वास्कोच्या भाऊंकडे असेल तर विचारून ठेव, नाहीतर मी पुढच्या बंदरात बघतो. मी येईपर्यंत कार्ट्रिज उघडू नका, गेमबॉय चालू असताना ती बाहेर ओढू नका.

वास्कोच्या भाऊ, तुमच्याकडे रविवारी दुकान उघडं असतं का? भाऊ दाबोळीला उतरतो, तिथून येतायेताच घेऊन येईन म्हणतो.

आणि शेवटी मुलीसाठी वेगळा मेसेज होता, तिने तो चार वेळा ऐकला: "बाबूला ने खुशाल. पण आधी बाबू निवड, मग ड्रॅगन. उलटं केलंस तर ड्रॅगनकिड होईल, आणि मग मी तुझ्या बाजूला आरतीला उभा राहणार नाही."