पिकॅट्रिक्सचा कर्ता: एका नावाची दोन माणसं

'गायत अल-हकीम' हा जादू-ताईतांवरचा अरबी ग्रंथ; 'पिकॅट्रिक्स' हे त्याचं लॅटिन भाषांतरातलं नाव. काहीजण म्हणतात की इब्न खल्दूनसारखा चिकित्सक इतिहासकार हा ग्रंथ अल-मज्रीतीचा म्हणतो, मग शंका कशाला? मला हे पटत नाही. इब्न खल्दून 14व्या शतकातला. ग्रंथ त्याच्या चारेकशे वर्षं आधीचा.

मुळात घोळ नावाचा आहे. मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या कॉर्डोबात एकाच शतकात दोन विद्वान होऊन गेले. अबुल कासिम मस्लमा बिन अहमद अल-मज्रीती हा खगोलज्ञ, मृत्यू 1007च्या सुमारास. दुसरा अबुल कासिम मस्लमा बिन कासिम अल-कुर्तुबी, मृत्यू 964. नाव तेच, 'अबुल कासिम' तेच, गावही तेच. नकलून घेणाऱ्याने प्रसिद्ध माणसाचं नाव घातलं तर नवल नाही.

आता लेखनाचा काळ बघा: हिजरी 343 ते 348, म्हणजे साधारण इ.स. 954 ते 959. तेव्हा मज्रीती फार तर पोरवयात असणार! उलट कुर्तुबी पूर्वेकडे फिरून आलेला, आणि चरित्रकार इब्न अल-फरदी तर त्याला मंत्र-तोडग्यांचा माणूस म्हणतो. संशोधक मारिबेल फिएरो यांनी 1996 साली कुर्तुबीच कर्ता, हीच बाजू मांडली आणि मला ती भक्कम वाटते.

लॅटिनमध्ये तर मस्लमा हे नावच गळालं. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या आज्ञेने 1256-58मध्ये कॅस्टिलियन (जुन्या स्पॅनिश) भाषेत भाषांतर झालं, त्यावरून लॅटिन, आणि तिथे 'पिकॅट्रिक्स' हाच कुणी थोर तत्त्वज्ञ असल्याचं प्रस्तावनेत सांगितलंय.