योग शिकवू लागल्यापासून स्वतःचा अभ्यास हरवल्यासारखा वाटतो

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी ४६ वर्षांची असून एका सहकारी बँकेत लेखा विभागात काम करते. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या जावेला सोबत म्हणून आमच्या भागातील देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या सकाळच्या योगवर्गाला जाऊ लागले. जावेने तीन आठवड्यांत वर्ग सोडला, मी मात्र आजतागायत तिथेच आहे. सुरुवातीला पाठ मोकळी होते एवढाच लाभ मला कळत होता. पुढे अनुलोम-विलोम करताना ध्यानात आले की आकडेमोड करताना मी श्वास रोखून धरते आणि मार्चअखेरच्या दिवसांत तर दिवसाचा बराचसा भाग अशा अर्ध्यामुर्ध्या श्वासावरच काढते. हे मला कोणी सांगितले नव्हते, माझे मलाच सापडले होते. घर, नोकरी आणि सासूबाईंची औषधे यांच्या रगाड्यात स्वतःचे म्हणावे असे दुसरे काही हाती लागले नव्हते, म्हणून त्या एका तासाला मी फार जपत आले.

आमचे सर आता मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले आणि जाताना सभामंडपाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. गेले चार महिने मी २५ जणांचा वर्ग घेत आहे. लोक नियमाने येतात, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात गोडी वाटू लागली आहे. अडचण घरी येते. एकटी आसने करू लागले की डोक्यात सूचना सुरू होतात: उजवा पाय मागे, गुडघा सैल नको, श्वास सोडत खाली या. शवासनात पडले तर किती मिनिटे झाली याकडेच कान लागलेला असतो. समोर कोणीही नसताना मी नेमके कोणाला शिकवत असते, हे मला कळेनासे झाले आहे.

रीतसर अभ्यासक्रम करून दोन-तीन वर्षांत नोकरी सोडावी आणि पूर्णवेळ हेच काम करावे, असा विचार मनात आहे. त्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे, सर कधीच शुल्क घेत नसत तर मी ते घ्यावे की नाही, आणि मुख्य म्हणजे शिकवू लागल्यावर स्वतःचा अभ्यास परत मिळतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

भिंतीचा आधार (पुणे)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मी २२ वर्षे अय्यंगार पद्धतीचा, म्हणजे विटा, पट्टे अशा साधनांच्या आधाराने आसने शिकवणाऱ्या पद्धतीचा, विद्यार्थी आहे आणि त्यातली ११ वर्षे शिकवतही आहे. डोक्यातला तो आवाज मला पहिली दोन वर्षे छळत होता. त्याला गप्प करण्याचा प्रयत्न केला की तो वाढतो, असा माझा अनुभव आहे. मला उपयोग झाला तो एका साध्या व्यवस्थेचा: ज्या आठवड्यात वर्गात उभ्या स्थितीतील आसने शिकवायची असतील, त्या आठवड्यात घरी ती करायची नाहीत, तर ज्यांच्याविषयी मला कोणाला काही सांगायचे नाही अशीच आसने करायची. त्या वेळी जवळ वहीही ठेवायची नाही. एखादी सूचना सुचली आणि तासाभराने विसरली गेली, तर ती विसरण्याच्याच लायकीची होती असे समजायचे.

मात्र शिकवण्यामुळे अभ्यास केवळ बिघडतो असे मी म्हणणार नाही. माझे शरीर जात्याच लवचीक आहे. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात, पहिल्या महिन्यातच माझे डोके गुडघ्यांना टेकले होते आणि ते आसन मला येते असे मी पुढची कित्येक वर्षे धरून चाललो होतो. मग माझ्या वर्गात एक निवृत्त बसचालक आले. त्यांना पाय सरळ करून नुसते ताठ बसताही येत नव्हते, कारण मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असल्यामुळे ओटीपोटाचा सगळा भाग मागे कलंडत होता. त्यांना दोन घड्या घातलेल्या घोंगड्यांवर बसवले आणि पायांना पट्टा लावला, तेव्हा ते आसन कुठून सुरू होते हे मला प्रथमच दिसले. मी आजवर ते कंबरेतून वाकून करतच नव्हतो, पाठीला बाक काढून नुसता पुढे पडत होतो. माझ्या शरीराच्या सोयीने माझे अज्ञान झाकून ठेवले होते आणि त्या गृहस्थांच्या गैरसोयीने ते उघडे पाडले. तुम्ही ज्याला स्वतःचे सापडणे म्हणता, तसे सापडणे मला त्या दिवशी दुसऱ्याच्या शरीरात झाले.

प्रशिक्षणाविषयी सांगायचे तर आपल्या देशात योग शिकवण्यासाठी परवाना सक्तीचा नाही, त्यामुळे चांगले आणि वाईट दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणीकरण मंडळ आहे. त्याच्या परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही असतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शाळेत किंवा शासकीय उपक्रमांत शिकवायचे असेल तर तो दाखला उपयोगी पडतो. आमच्या परंपरेत झटपट शिक्षक होण्याची सोय नाही: आधी काही वर्षे विद्यार्थी म्हणून काढायची, मग अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचे आणि त्यानंतर परीक्षेला बसायचे. ज्यांना सहा महिन्यांत फलक लावायचा आहे त्यांना हे जाचक वाटते. माझे मत स्पष्ट आहे: तुम्हाला घाई नाही, तेव्हा आधी आणखी काही वर्षे शिका आणि तोपर्यंत हा वर्ग दुसऱ्या कोणाकडे सोपवता आला तर सोपवा.

ऑरेंज सिटी (नागपूर)

पुण्याच्या मित्रांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. ज्या परंपरेचा ते दाखला देत आहेत, तिचे मूळच त्यांच्या सल्ल्याला साक्ष देत नाही. १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले तेव्हा ते १८ वर्षांचे होते, प्रकृतीने अशक्त होते, मराठी त्यांना येत नव्हती आणि गुरूंनी पाठवले म्हणून ते आले होते. विद्यार्थी त्यांच्यापेक्षा धट्टेकट्टे होते. शिकवावे लागले म्हणूनच ते तासन् तास स्वतःवर प्रयोग करत राहिले. आधी सगळे समजून घेईन आणि मगच शिकवीन असे त्यांनी ठरवले असते, तर ते बहुधा म्हैसूरला परत गेले असते.

मी निवृत्त शाळाशिक्षक आहे आणि जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाच्या परंपरेत तयार झालो आहे. आमच्याकडे वर्ग विनामूल्य असतात. पहाटे साडेपाचला एका शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही बसतो. उन्हाळ्यात गर्दी, डिसेंबरात मफलर गुंडाळलेले सहा-सात जण. ताई, तुम्ही त्या एका तासाला जपता हे मी समजू शकतो, पण ‘माझा अभ्यास’ या शब्दातला ‘माझा’ थोडा तपासून पाहावा असे सुचवतो. पतंजलींच्या योगसूत्रांतील पहिल्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, ३३ व्या सूत्रात सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा म्हणजे मनाला लावून न घेणे, या भावनांनी चित्त प्रसन्न होते असे सांगितले आहे. घरात दार लावून बसलो असताना या चारही गोष्टी मला सहज साधत होत्या, कारण समोर कोणी नसायचेच. वर्गात मात्र भस्त्रिका चालू असताना भाजीचे भाव विचारणारे एक काका रोज येतात. माझ्या उपेक्षेची परीक्षा गेली सात वर्षे तेच घेत आहेत आणि मी अजून उत्तीर्ण झालेलो नाही.

शुल्काचे म्हणाल तर मी घेत नाही, कारण मला निवृत्तिवेतन मिळते. यात माझा काही मोठेपणा नाही. ज्याला घर चालवायचे आहे त्याने संकोच न बाळगता शुल्क घ्यावे. परंतु त्याचीच दुसरी बाजूही पाहावी: बँकेची नोकरी सोडलीत की वर्गातली प्रत्येक रिकामी सतरंजी तुम्हाला महिन्याच्या हिशेबात दिसू लागेल आणि डोक्यातल्या सूचनांच्या जोडीला आकडेही येतील. त्यात तुम्ही लेखा विभागातल्या, म्हणजे ते बिनचूक येतील!

मणका (ठाणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे तत्त्वचर्चेत न शिरता थोडक्यात लिहिते. वर्ग चालू ठेवणार असाल तर उद्यापासून प्रत्येकाची प्रकृती विचारून लिहून ठेवावी. रक्तदाब नियंत्रणात नसलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या व्यक्तीला शीर्षासन देऊ नये. गर्भवती स्त्रिया, हर्नियाचे रुग्ण आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोक यांना कपालभाती देऊ नये. मणक्यातील चकती सरकलेल्या माणसाला पुढे वाकण्याची आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायला लावू नयेत. आणि कोणाच्याही पाठीवर भार टाकून त्याला खाली दाबू नये. ‘सरांनी जरा दाबले आणि कळ आली’ हे वाक्य मी दवाखान्यात वरचेवर ऐकते. अभ्यासक्रम निवडताना एकच पाहावे की शरीररचना कोण शिकवते आणि किती तास शिकवते. मधुमेह बरा करतो, थायरॉइड घालवतो असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

धुके (लोणावळा)

मी शिक्षक न झालेला माणूस आहे, म्हणून माझे लिहिणे येथे बसते का अशी शंका होती. काही वर्षांपूर्वी नोकरीतून रजा घेऊन मी निवासी प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याआधी एक आंतरजालावरचा अभ्यासक्रम घेतला होता, ज्यात चित्रफिती पुढे ढकलत गेलो तरी शेवटी दाखला घरपोच आला. तो अजून कपाटात आहे आणि तो कोणाला दाखवण्याचे धाडस मला झालेले नाही.

निवासी शिक्षणात मला सर्वांत जवळचे वाटले ते स्वामी कुवलयानंदांचे उदाहरण. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान (पोट आत ओढणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आणि दाब मोजून पाहिले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे त्यांना आढळले आणि त्या अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. परंपरेवर श्रद्धा असलेला माणूस तिलाच प्रयोगशाळेत घेऊन जातो आणि त्याने श्रद्धा उणावत नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या संशयी माणसाला फार मोलाची वाटली.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस सर्वांना पाठ घ्यावा लागे. माझे पाठ व्यवस्थित झाले, गुणही चांगले पडले, आणि त्याच वेळी मला उमगले की मला शिकवायचे नाही. मला रोज पहाटे नाक पाण्याने धुण्याचे, जलनेतीचे, भांडे घेऊन बाहेर धुक्यात उभे राहायचे होते आणि त्याविषयी कोणालाही काही सांगायचे नव्हते. बरोबरीच्या अनेकांना ही माघार वाटली. तुमच्या पत्रात मात्र ‘मलाही त्यात गोडी वाटू लागली आहे’ असे वाक्य आहे, ते मी दोनदा वाचले. माझ्याकडे ते वाक्य नव्हते. प्रशिक्षण जरूर घ्यावे, पण त्याच्या शेवटी शिक्षक झालेच पाहिजे असे आधीपासून ठरवून जाऊ नये.

भिंतीचा आधार (पुणे)

नागपूरकरांचा मुद्दा मान्य आहे. वर्ग सोपवण्याचा सल्ला मी मागे घेतो; शिकत राहण्याचा घेत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात थोडे करून पाहायचे होते. मणकाताईंच्या सांगण्यावरून वहीत सर्वांची माहिती लिहून घेतली, तेव्हा २५ जणांत दोघांना काचबिंदू असल्याचे प्रथमच कळले. त्यांतल्या एका काकूंना मी मागच्याच महिन्यात सर्वांगासन शिकवत होते. त्या रात्री झोप लागली नाही. त्यांना आता तसली सर्व उलटी आसने बंद करायला सांगितली आहेत आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवले आहे.

नोकरी सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. सोमवार ते गुरुवार वर्ग मी घेईन आणि शुक्रवार-शनिवार आमच्याच वर्गातील एक निवृत्त परिचारिका घेतील, म्हणजे त्या दोन दिवशी मला मागच्या रांगेत बसून सूचना ऐकता येतील. शुल्काऐवजी सभामंडपाची वीज आणि सतरंज्या यांचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचे ठरले. हिवाळ्यात महिन्याभराची रजा जमली तर निवासी अभ्यासक्रमाला जाईन.

घरच्या अभ्यासात वर्गाशी संबंध नसलेली आसने निवडून पाहिली. पहिले तीन दिवस आवाज तसाच होता. चौथ्या दिवशी सुप्त बद्धकोणासनात पडले असताना तो मध्येच थांबला, आणि थांबला हे मला बऱ्याच वेळाने, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली तेव्हा कळले. पाचव्या दिवशी पुन्हा आला.

आता एक साधा प्रश्न. आमच्या वर्गात आधारासाठी काहीच साधने नाहीत आणि त्रिकोणासनात निम्म्या लोकांचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही. विकतच्या लाकडी विटा आमच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. येथील सुताराकडून करून घेता येतील का?

भिंतीचा आधार (पुणे)

अवश्य करून घ्या. माप ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड असे ठेवावे. कडा गोल घासून घ्यायला सांगा आणि पॉलिश अजिबात करू देऊ नका, घामाच्या हाताखाली वीट घसरते. त्रिकोणासनासाठी पुढच्या पायाच्या घोट्याजवळ बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवावी. पहिल्या खेपेला दहा-बारा पुरतील, कारण निम्मे लोक उजवीकडे करत असताना उरलेल्यांना बघायला सांगता येते.