जुने जेएसपी आणि नवे स्प्रिंग बूट यांनी एकच सेशन वापरावे का?

धागालेखक: आमचे जुने ॲप्लिकेशन स्ट्रट्स २ आणि जेएसपी या जावाच्या जुन्या वेब तंत्रांवर, टॉमकॅट ९ या सर्व्हरमध्ये चालते. नवी पाने स्प्रिंग बूट ३ या जावाच्या नव्या चौकटीवर लिहिली जात आहेत. लॉगिन दोन्हीकडे स्प्रिंग सिक्युरिटी ही लायब्ररी सांभाळते. जुन्याकडे आवृत्ती ५, नव्याकडे ६. वापरकर्त्याने एकदाच लॉगिन करावे, एवढी अपेक्षा आहे. टॉमकॅटमध्ये सेशनच्या कुकीचा पाथ ‘/’ केला, म्हणजे ब्राउझर ती दोन्ही ॲप्लिकेशनना पाठवू लागला, की काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु सर्व्हलेटच्या (जावा वेबच्या मूळ प्रमाणाच्या) नियमाप्रमाणे सेशन, म्हणजे सर्व्हरने वापरकर्त्याबद्दल लक्षात ठेवलेली माहिती, हे त्या त्या वेब ॲप्लिकेशनपुरतेच असते, त्यामुळे जेसेशनआयडी (कुकीतला सेशनचा क्रमांक) दोघांना मिळाला तरी आतला डेटा मिळत नाही. म्हणून स्प्रिंग सेशन ही लायब्ररी वापरून दोन्हींचे सेशन रेडिस या बाहेरच्या सामायिक डेटा साठ्यामध्ये ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी याच्या पूर्ण विरोधात आहे. रेडिसमध्ये डेटा जातो तो मुळात जावाच्या सिरियलायझेशनने, म्हणजे ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून. स्प्रिंग सिक्युरिटीच्या ५ आणि ६ मधील वर्गांचे (क्लासचे) सिरियलव्हर्जनयूआयडी, म्हणजे आवृत्ती ओळखण्याचे क्रमांक, वेगळे असल्यामुळे जुन्याने लिहिलेला सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट (लॉगिनची माहिती) नव्याला वाचताच येत नाही आणि लॉगिननंतरच्या पहिल्याच पानावर इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन ही त्रुटी येते. शिवाय एका बाजूने वर्गाचे नाव बदलले की दुसरी बाजू कोलमडते. म्हणजे दोन ॲप्लिकेशन वेगळी करायला निघालो आणि पुन्हा एकाच दाव्याला बांधली. त्याऐवजी सही केलेल्या टोकनमधून (सर्व्हरने डिजिटल सही करून दिलेल्या ओळखचिठ्ठीतून) फक्त वापरकर्ता क्रमांक पाठवावा.

प्रतिसाद २: अडचण खरी आहे, पण ती संपूर्ण ऑब्जेक्ट साठवण्याची आहे. वापरकर्ता क्रमांक, भाषा, शाखा अशा साध्या स्ट्रिंगच (मजकुराच्या किमती) ठेवल्या तर सेशन सामायिक करण्यात धोका नाही. आम्हाला त्रास झाला तो वेगळाच. जुन्या कोडमध्ये सेशनमधून कार्टची (खरेदीच्या टोपलीची) यादी काढून तिच्यात थेट नवी वस्तू घातली जात असे. सेशन मेमरीत होते तोवर हे चालून गेले. रेडिसवर गेल्यावर पुन्हा सेटॲट्रिब्यूट न केल्यामुळे, म्हणजे बदललेली यादी सेशनमध्ये परत न लिहिल्यामुळे, बदल जतनच होईना, आणि पान बदलताच कार्टमधली शेवटची वस्तू नाहीशी होई.

धागालेखक: साध्या स्ट्रिंगची अट मला मान्य आहे. टोकन मात्र पटत नाही. एकीकडे लॉगआउट केल्यावर दुसरीकडे ते टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहते, आणि आमचे ग्राहक सायबर कॅफेतूनही लॉगिन करतात.

प्रतिसाद १: मग रद्द झालेल्या टोकनांची यादी रेडिसमध्ये ठेवा. रेडिसला माझा विरोध नाही. दोन संघांनी एकमेकांचे वर्ग वाचण्याला आहे.