मदत हवी आहे: रॅम शिल्लक असताना ‘मेमरी कमी आहे’ असा एरर

शाईपेन: चार दिवस झाले, घरच्या कॉम्प्युटरवर काम करता करता ‘युवर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ अशी चौकट येते आणि चालू प्रोग्रॅम बंद करायला सांगते. दुर्लक्ष केलं तर तो आपोआप मिटतो. काल बाबांच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं जुळवत होते. सेव्हवर क्लिक केलं आणि सगळी खिडकी पांढरी पडली. दोन तासांचं काम गेलं. सोमवारी फाईल छपाईला द्यायची आहे. रिस्टार्ट करून झालं, अँटिव्हायरस फिरवून झाला. लवकर सांगा, प्लीज.

चौकस: विंडोज कुठलं, रॅम किती, ३२ बिट की ६४ बिट? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

गडबडगुंडा: टेम्प फोल्डर साफ करा, रिसायकल बिन रिकामा करा. माझाही सी ड्राइव्ह भरला होता, पंधरा मिनिटांत मोकळा झाला.

शाईपेन: सी ड्राइव्हवर १४० जीबी मोकळी आहे. विंडोज १०, ६४ बिट. रॅम १६ जीबी. टास्क मॅनेजर उघडला की मेमरी ६१ टक्केच दिसते, म्हणून तर डोकं चालेना.

नांगरगाठ: स्कॅनचं काम म्हणजे १६ पुरणारच नाही. ३२ करून टाका, विषय संपला. मी केलं, तेव्हापासून त्रास नाही. फक्त डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

चौकस: ६१ टक्क्यांवर एरर येतोय म्हटल्यावर नवी रॅम कशाला? @शाईपेन, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी. आलेखाच्या खाली ‘कमिटेड’ लिहिलेलं असतं. ते दोन्ही आकडे द्या.

शाईपेन: १५.१/१५.८.

चौकस: पेजफाईल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, बंद केली आहे का कोणी?

शाईपेन: हो, मागच्या महिन्यात भाच्याने केली. एसएसडी डिस्क जास्त टिकेल म्हणाला. त्याचा इथे संबंध असेल असं वाटलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

चौकस: तिथेच घोटाळा आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती त्याच्या नावावर धरून ठेवतं, त्याने वापरली नाही तरी. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं: माणूस बसलेला नसतो, पण जागा गेलेली असते. ६१ टक्के म्हणजे बसलेली माणसं. कमिटेड म्हणजे रुमालांसकट. आणि एकूण जागा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. पेजफाईलच नाही, त्यामुळे तुमची हद्द १५.८ वरच संपते.

खडीसाखर: भाच्याचं चूक नाही. मीही बंद ठेवते, सतत लिहिण्याने एसएसडी झिजते.

चौकस: झिजते, पण घरगुती वापरात पेजफाईलमुळे ती मरायच्या आधी कॉम्प्युटरच जुना होतो. आणि दोन तासांचं काम जाणं ही झीज नाही का?

नांगरगाठ: चालू करायचीच तर रॅमच्या दीडपट, फिक्स आकडा टाका. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलोय.

चौकस: तो नियम कमी रॅमच्या काळातला. आकडा विंडोजवर सोडा. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीत चेंज. सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर टिक करा आणि रिस्टार्ट.

पाऊलवाट: माझ्या मोबाइलवर ‘स्टोरेज फुल’ येतंय, त्यालाही हेच करायचं का?

गडबडगुंडा: @पाऊलवाट, नाही, ते वेगळं. आधी व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ उडवा.

शाईपेन: केलं. चौकट येणं थांबलं, पण कमिटेड सकाळी ९ होतं, आता दुपारी १७ आहे. मी नवीन काहीच उघडलेलं नाही.

चौकस: मग कुठलातरी प्रोग्रॅम मेमरी धरत चाललाय आणि सोडत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे २००४ क्रमांकाची नोंद शोधा, सोर्स ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’. चौकट यायची त्या दिवसांतली सापडेल. सगळ्यात जास्त मेमरी धरणाऱ्या प्रोग्रॅमची नावं त्यात असतात, आणि कोणी किती धरली ते बाइटमध्ये. आत्ताचं बघायला टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘कमिट साइज’ हा कॉलम जोडा.

खडीसाखर: ब्राउझरच असणार, पैज लावते.

शाईपेन: ब्राउझर नाही! दोन्हीकडे एकच नाव: स्कॅनरबरोबर आलेला छोटा प्रोग्रॅम, घड्याळाशेजारी बसतो तो. नोंदीत ६ अब्जांच्या वर बाइट. स्कॅनर तर मी रविवारनंतर लावलेलाही नाही. स्टार्टअपमधून डिसेबल केला, रिस्टार्ट केलं. तीन तास झाले, कमिटेड ८.४ वर आहे. पानं जुळवायला बसते. चौकस, मनापासून आभार.

चौकस: स्कॅन त्याच्याशिवाय होतंय का तेवढं आजच बघून घ्या, सोमवारी सकाळी कळायला नको. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह.

नांगरगाठ: तरी ३२ चा विचार कराच.