अनुभव धागा : सीमाभागातले ख्रिस्ती मतदार, मत देताना तुमची श्रद्धा काय सांगते?

कॅम्पकरीण (धागा सुरू करणारी)

सलाम मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, हल्याळ, जिथले असाल तिथून लिहा. विषय नाजूक आहे म्हणून दोनच अटी. मत कुणाला दिलंत ते सांगायची सक्ती नाही. आणि दुसऱ्याच्या तारणाचा हिशोब इथे मांडायचा नाही.

आपल्याकडे इलेक्शन आलं की पहिला प्रश्न भाषेचा, समिती (महाराष्ट्र एकीकरण समिती, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारी) की राष्ट्रीय पक्ष? दुसरा जातीचा. ख्रिस्ती माणूस यांत कुठे बसतो हे पुढाऱ्यांना कळत नाही आणि आपल्यालाही. उपासना मराठीत, पाळकसाहेब कन्नड, मुलांची शाळा इंग्रजी, आणि बूथवरचा एजंट यादीतलं आडनाव बघून ठरवून टाकतो की हे मत हाताचं! तर तुमचं नक्की कशावर ठरतं? वचनावर, भीतीवर, की बाकी सगळ्यांसारखं गटार आणि रस्त्यावर? खरं लिहा.

जुना सायकलवाला

आमच्या घरात 1 नोव्हेंबरला तीन गोष्टी एकदम यायच्या. सकाळी सगळ्या संतांचा सण म्हणून मिस्सा. बाहेर राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, लाल-पिवळे झेंडे. आणि आजोबांचा काळा दिवस. 1956 साली त्या तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, ते त्यांनी मरेपर्यंत मान्य केलं नाही. पांढरा शर्ट घालून मिस्साला जायचे, कम्युनियन घ्यायचे, घरी येऊन काळा शर्ट चढवायचे आणि सायकल काढून संभाजी उद्यान. तिथून मूक फेरी. आजी म्हणायची, "देवाघरात पांढरा आन् रस्त्यात काळा, खरा कुठला ओ तुमचा?"

त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं. मोशे फारोपुढे गेला आणि माझ्या लोकांना जाऊ दे म्हणाला, समिती तेच म्हणते, संपलं. 1996 च्या लोकसभेला दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने इतके अर्ज भरायला लावले की बेळगावात 456 उमेदवार झाले. अशा प्रकारांनंतर लोकसभेची अनामत रक्कम 500 वरून 10,000 झाली. आजोबांना त्याचा कोण अभिमान! (मला तेव्हा त्या 456 नावांचं हसूच आलं होतं.)

माझं गणित मोडलं ते 2008 च्या सप्टेंबरात. मंगळूरकडे चर्चवर हल्ले झाले. आमच्याकडे काही घडलं नाही, पण पुढच्या रविवारी मिस्साला दाराशी पोलीस उभा होता. ओळखीच्या एका कार्यकर्त्याला मी विचारलं, उद्या आमच्यावर वेळ आली तर मराठी माणूस म्हणून उभे राहाल ना? तो म्हणाला, "तो विषय वेगळा रे." तेव्हापासून मी आधी माणूस बघतो, मग भाषा. असं आपलं म्हणतो. कारण 2021 च्या पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं पडली, त्यात माझंही एक होतं. वचनबिचन काही आठवलं नव्हतं त्या दिवशी. आजोबांचा काळा शर्ट अजून कपाटात आहे, एवढंच.

दुसऱ्या बाकावरचा

मी कमळाला मत देतो आणि दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसतो. लोक वळून बघतात, बघू देत. ख्रिस्ती म्हणजे गठ्ठा मत असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? आमच्या दफनभूमीला भिंत नव्हती. डुकरं शिरायची. चाळीस वर्षं ज्यांना मतं दिली त्यांनी आश्वासनं दिली, आणि कमळाचा हा माणूस स्वतः चिखलात उभा राहून मोजमाप करून गेला. सहा महिन्यांत भिंत. झाडाची पारख फळावरून करायला आपल्याला शिकवलंय ना?

चपलावाली

भिंत मेलेल्यांना मिळाली भाऊ. जिवंतांचं सांगते.

माझे यजमान खेड्यात सेवा करतात. चर्चची इमारत नाही, आमच्याच पडवीत शुक्रवारी प्रार्थना. बारा-पंधरा बायका, दोन-तीन पुरुष. 2021 च्या डिसेंबरात इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. तारीख 23, नाताळला दोन दिवस होते, मी नेवऱ्या तळत होते. पुढच्या वर्षी कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्यानेही जिल्हाधिकाऱ्यांना 30 दिवस आधी लेखी कळवायचं. आमच्यात वर्षानुवर्षं कुणाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पण कायदा कोण वाचतो? गल्लीतली पोरं दारातल्या चपला मोजायला लागली. "आज अठरा!" असं ओरडून जायची. मग मी एक गोणपाट शिवलं. बाई आत आली की चपला गोणपाटात, गोणपाट खाटेखाली. प्रार्थना संपली की अंधारात प्रत्येकीची जोडी शोधायची. एकदा एका आजीच्या पायात दोन्ही डाव्या गेल्या.

यजमान म्हणायचे, रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाच, अधिकारी देवाने नेमलेत. मी म्हणायची, प्रेषितांची कृत्ये पाचवा वाचा, माणसापेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. दोघंही बायबलच वाचत होतो. 10 मे 2023 ला, विधानसभेच्या मतदानात, माझं मत त्या गोणपाटाने ठरवलं, लपवत नाही. जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घ्यायचं ठरवल्याची बातमी आली, तरी चपला मी अजून आतच घेते.

आणि आपल्यातलेच काही जण बरं करण्याचं आमिष दाखवून माणसं जमवतात. मला ते पटत नाही. त्याची झळ आमच्यासारख्यांना बसते.

दुसऱ्या बाकावरचा

ताई, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढच्या वेळी दारात आला की विचारतो.

निपाणीची लेक

आई विड्या वळायची. हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. एका इलेक्शनला गल्लीत कुकर वाटले, पाच लिटरचे, झाकणावर उमेदवाराचा फोटो. आमच्याकडे तोवर भात पातेल्यात. आईने घेतला आणि रविवारी बाईंना (पाळकांच्या मिसेस) जाऊन सांगितलं सुद्धा. त्यांनी निर्गम 23 काढलं, लाच डोळसांना आंधळं करते. आई म्हणाली, "मी कुठं आंधळी झालोय बाई, मत दुसऱ्यालाच घातलं की." बाई म्हणाल्या, मग तर दुप्पट चुकलीस, घेतलंस पण आणि फसवलंस पण.

आई घरी येऊन विळीच्या पात्याने तो फोटो खरवडत बसली. चेहरा गेला, गोल डाग राहिला. कुकर परत केला नाही. कुणाला करणार, आणि भात वीस मिनिटांत व्हायचा! त्यानंतर मात्र पाकीट आलं की दार लावून घ्यायची. मी विचारलं, वचनामुळे का? "नाही गे. तो डाग बघून रोज लाज वाटते म्हणून."

नाव नको

थोडक्यात लिहितो. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात फक्त हिंदूंना होती. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. आम्ही अजून बाहेर. आमचा मतदारसंघ राखीव. तिथे मी मत टाकू शकतो, पण खरा धर्म कागदावर लिहिला तर उमेदवार म्हणून उभा राहू शकत नाही. वाड्यातली पोरं विचारतात, सर, तुम्ही उभे राहा की. काय उत्तर देऊ? माझं मत मी एकाच गोष्टीवर तोलतो, या आदेशाबद्दल कोण तोंड उघडतो. आजवर माझ्या दारात आलेल्या एकानेही उघडलेलं नाही.

ब्रदरन घरातली

आमच्या ब्रदरन पंथाच्या घरात मतदानच नव्हतं. आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, असं बाबा म्हणायचे. मतदानाच्या सुट्टीला ते छप्पर शाकारायचे. लग्न होऊन मेथडिस्ट पंथाच्या घरात आले आणि बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा शाई लागली. घरी गेले तेव्हा बोट पदराखाली धरलं होतं. बाबांनी बघितलं, काही बोलले नाहीत.

संडे स्कूल टीचर

बायबलमधलं शास्ते, नववा अध्याय, योथामाची गोष्ट. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतो मला तेल आहे, अंजीर म्हणतो मला गोडी आहे, द्राक्षवेल म्हणते मला रस आहे, आम्हाला कुठे वेळ? शेवटी काटेझुडूप तयार होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीत, नाहीतर जाळून टाकीन. मी मुलांना घाणेरीचं झुडूप दाखवलं आणि म्हटलं, याच्या सावलीत बसून दाखवा. हसली. एक पोरगा हसला नाही. "टीचर, मग दोष अंजिराचाच की."

ते घरी जेवताना सांगितलं, तर माझा धाकटा भाऊ 2020 ला ग्रामपंचायतीला उभा राहिला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून धाडस. आमच्याकडे मतदान दुसऱ्या टप्प्यात आलं, 27 डिसेंबर, रविवार. उपासना सकाळी सहाला घेतली, कुडकुडत. पाळकांनी प्रार्थनेत गावासाठी मागितलं, त्याचं नाव घेतलं नाही. त्याला राग आला. मला बरं वाटलं. तसंही देवळाचा वापर प्रचाराला करायला 1988 च्या कायद्याने बंदी आहे, हे त्याला कोण सांगणार! तेवीस मतांनी पडला. आमच्या मंडळीतलीच तीसेक मतं त्याला पडली नव्हती, हा हिशोब तो अजून करतो. त्या घरांत तो नाताळला जात नाही.

कॅम्पकरीण

टीचर, भावाला सलाम सांगा. उभा तरी राहिला.

माझं राहिलंच. 2023 ला ऐंशीच्या वरच्यांना घरबसल्या मतदानाची सोय होती. आमची आजी 88 ची, गुडघे गेलेले. कर्मचारी घरी आले, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा केला, मतपत्रिका आणि पेन दिलं. आम्ही चहा ठेवला तर घेईनात. आजीने चष्मा पुसला, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटली. त्यातला एकजण घड्याळ बघायला लागला. मग तिने विचारलं, "खूण कसली करायची रे बाळा? बरोबरची करू का फुलीची?" तो म्हणाला, कुठलीही करा आजी, स्पष्ट दिसली म्हणजे झालं.

"मग क्रूस काढते," म्हणाली आणि आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकललं.