'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स': पिंक फ्लॉइडचा न मोजला जाणारा अल्बम

पश्चिमवारा
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवर बोलणं सुरू झालं की लोक १९७१ च्या 'मेडल'वरून थेट १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'वर उडी मारतात. मध्ये जून १९७२ मध्ये आलेला 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' कुणी धरतच नाही. सिनेमासाठी केलेलं काम, म्हणून तो बाजूला ठेवतात. माझं मत नेमकं उलटं आहे. सिनेमासाठी केला, म्हणूनच तो इतका नेटका झालाय.

दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या 'ला व्हॅले' या चित्रपटासाठी हे संगीत झालं. त्याच्याच 'मोर'चं संगीतही बँडच्या याच चौघांनी, म्हणजे रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिलमूर, रिचर्ड राइट आणि निक मेसन यांनी, १९६९ मध्ये दिलं होतं. या वेळी पॅरिसजवळच्या शातो द'एरुव्हील या जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत, जपानच्या दौऱ्याच्या आगेमागे, मिळून जेमतेम दोन आठवड्यांत रेकॉर्डिंग उरकलं. चित्रपटाची कच्ची जुळणी पाहायची, स्टॉपवॉच लावायचं आणि प्रसंगाला लागेल तेवढंच वाजवायचं. 'मेडल'मधलं 'एकोज' २३ मिनिटं चालवणारी हीच मंडळी. इथे १० रचना आहेत आणि एकही सहा मिनिटांपर्यंत पोचत नाही. पसरायला जागाच नाही, त्यामुळे चाल, शब्द आणि गिटार थेट समोर येतात. 'वॉट्स... अह द डील'मध्ये राइटचा पियानो आणि गिलमूरचा आवाज ऐका. इतकं साधं, इतकं उघडं गाणं या बँडकडे फार थोडं आहे.

तालवेडा
अजिबात सहमत नाही. घाईत झालेलं काम घाईत झाल्यासारखंच ऐकू येतं. १० पैकी ४ रचनांना शब्दच नाहीत. 'मडमेन' म्हणजे 'बर्निंग ब्रिजेस'चीच चाल, गाणं काढून घेतलेली. 'द गोल्ड इट्स इन द...' तर त्या काळातल्या कुठल्याही रॉक बँडने वाजवलं असतं. 'चाइल्डहूड्स एन्ड'मध्ये 'डार्क साइड'मधल्या 'टाइम'ची चाहूल लागते, ती सोडली तर काय उरतं? 'डार्क साइड'ची रंगीत तालीम, यापलीकडे मला याचं महत्त्व दिसत नाही.

पश्चिमवारा
रंगीत तालीम म्हणता येणार नाही, कारण क्रम तसा नाहीच. 'डार्क साइड'ची गाणी जानेवारी १९७२ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रायटनपासून, मंचावर वाजायला लागली होती. म्हणजे मोठं काम डोक्यात आणि हातात असताना ते बाजूला सारून ही मंडळी फ्रान्सला गेली. 'चाइल्डहूड्स एन्ड' हे तर गिलमूरने शब्द लिहिलेलं गाणं. त्यानंतर पिंक फ्लॉइडसाठी त्याने थेट १९८७ च्या अल्बममध्ये लिहिलं. मधल्या वर्षांत सगळे शब्द वॉटर्सकडे गेले. हा बँड चौघांचा होता तेव्हा कसा वाजायचा, ते इथे कळतं. 'स्टे' राइटच्या आवाजात आहे, 'बर्निंग ब्रिजेस' गिलमूर आणि राइट आलटून पालटून गातात.

'मडमेन'बद्दल: चित्रपटात एकच चाल दोनदा येणं हा दोष कधीपासून झाला? आपण हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेली माणसं. तेच गाणं एकदा आनंदात आणि एकदा दुःखात ऐकून आपल्याला दोन्ही वेळा पाठ झालेलं असतं.

रानजाई
'फ्री फोर'चं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझ्या लेखी या अल्बमचं मोल त्या एका गाण्यात आहे. चाल उड्या मारणारी, टाळ्यांची, आणि शब्द म्हातारपणाचे, मरणाचे, गाडलेल्या बापाचे. रॉजर वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो तान्हा होता. पुढे 'द वॉल' आणि 'द फायनल कट' हे बँडचे अल्बम त्याच दुःखावर उभे राहिले. पण ते दुःख त्याआधीच इथे गाण्यात आलं, आणि तेही इतक्या हलक्या पावलांनी की अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून रेडिओवर वाजलं. मला 'द वॉल'मधल्या आक्रोशापेक्षा हे जास्त लागतं.

तालवेडांचं एक मात्र खरं. 'स्टे' मलाही फिकं वाटतं.

कळसूत्री
चित्रपट वगळूनच तुम्ही सगळे बोलताय. पॅरिसजवळ बसून काय वाजवलं यापेक्षा ते कशावर वाजलं, हे महत्त्वाचं नाही का? 'ला व्हॅले'ची गोष्ट पापुआ न्यू गिनीतली. फ्रेंच वाणिज्यदूताची बायको स्वर्गपक्ष्याची (बर्ड ऑफ पॅराडाइज) पिसं शोधत येते आणि नकाशावर ढगांमुळे कोऱ्या राहिलेल्या दरीच्या शोधात निघालेल्या हिप्पींबरोबर जाते. वाटेत त्यांना मापुगा जमात भेटते. ती माणसं खरी आहेत, नट नाहीत.

अल्बमची शेवटची रचना 'अ‍ॅब्सोल्यूटली कर्टन्स'. त्यात आधी कीबोर्डचे लांब सूर आणि मग मापुगांचं सामूहिक गायन, शेवटपर्यंत. अल्बममधला सगळ्यात भारून टाकणारा भाग तोच. आणि रचनाकार म्हणून नावं कुणाची? वॉटर्स, गिलमूर, राइट, मेसन. गाणाऱ्यांचं काहीच नाही. या अल्बमचं कौतुक करताना हे बाजूला ठेवणं मला जमत नाही.

पश्चिमवारा
श्रेयाचा मुद्दा रास्त आहे, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. पण त्या गायनावर बँडने ड्रम किंवा गिटार चढवली नाही, ते स्वतः थांबले, हेही बघा. पाहुण्या आवाजाला मागे ठेवून स्वतः पुढे येणारे तेव्हा कमी नव्हते.

तालवेडा
'फ्री फोर'पुरता मी मागे हटतो. रानजाईंनी सांगितलेला वडिलांचा धागा मी कधी जोडला नव्हता. 'वॉट्स... अह द डील'ही चांगलंच आहे. २००६ च्या दौऱ्यात गिलमूरने ते राइटला सोबत घेऊन पुन्हा गायलं, ते उगाच नाही. पण दोन-तीन उत्तम गाण्यांनी अल्बम 'मेडल'च्या शेजारी जाऊन बसत नाही. शब्दांविना असलेल्या चार रचनांचं माझं मत कायम आहे. त्या पडद्यासाठी होत्या, तिथेच राहायला हव्या होत्या.

कळसूत्री
चार नाही, तीन म्हणा. चौथीत माणसं गातात. आपल्याला त्यांचे शब्द कळत नाहीत, एवढंच. आणि पश्चिमवारा, थांबणं हा मोठेपणा मानला तरी अल्बमवर 'गायन: मापुगा' एवढं छापायला कुठल्या स्टॉपवॉचची अडचण होती?