गांजा सोडतानाच्या त्रासाला ‘टर्की’ म्हणावं का?

विचारणा: आजोबा ‘गांजेकस’ म्हणायचे, पोरं ‘स्टोनर’ म्हणतात. अर्थ एकच का? आणि गांजा सोडताना जो त्रास होतो त्याला मराठीत शब्द काय?

– कस म्हणजे फारसी ‘कश’, ओढणारा. चिलमीला ओली साफी लावून दम मारणारा तो गांजेकस. शब्दात हेटाळणी आहे, स्वतःला कुणी गांजेकस म्हणवून घेत नाही. स्टोनर मात्र लोक मिरवतात. भांग पिणारा भंगड, तो वेगळा. 1985च्या अमली पदार्थ कायद्यातही गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटते.

– दुसरा प्रश्न खरा कळीचा. गर्दवाल्यांकडे, म्हणजे ब्राउन शुगर ओढणाऱ्यांकडे, नशा तुटल्यावरच्या त्रासाला ‘टर्की’ हा शब्द आहे. टर्की लागली म्हटलं की अंग मोडून येणं, नाक-डोळे गळणं, सगळं समजतं. गांजाला असा शब्दच नाही, म्हणून ‘गांजाची काही सवय लागत नाही’ हे खपून जातं. रोज ओढणाऱ्याने बंद केलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं, डोळा लागलाच तर भलभलती स्वप्नं. पहिला आठवडा वाईट, पुढे ओसरतं. झोप मात्र उशिरा ताळ्यावर येते. होस्टेलवरचा आमचा एक मित्र ताट सरकवून सगळ्यांवर खेकसायचा. वर म्हणायचा, ‘व्यसनबिसन नाही रे, झोप येत नाही म्हणून एक मारतो.’

– ‘तलफ’ नाही का चालणार?

– तलफ चहाचीही येते. ती इच्छा झाली, हा त्रास. आणि कृपया ‘प्रत्याहार’ सुचवू नका, तो पतंजलींच्या योगातला, इंद्रियं आवरण्याचा.

– ‘आहारी जाणे’ही जपून वापरा. ओढणारे सगळेच आहारी जात नाहीत. ढोबळमानाने दहात एक. मिसरूड फुटायच्या वयात सुरुवात केली तर सहात एक. घराण्यात स्किझोफ्रेनिया असेल तर धोका निराळाच: संशय, कानात आवाज. तिथे शब्द शोधत बसू नये, डॉक्टर गाठावा.

– मग वाक्य कसं करू?

– ‘गांजा बंद केला, आठवडाभर टर्की होती.’ शुद्धलेखनवाले नाक मुरडतील, पण व्यसनमुक्ती केंद्रात दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. 14446 या सरकारी हेल्पलाइनवरही असंच बोला.